डायनोच्या कुंपणाबाहेर कोण राहतं?

शुक्रवारची रात्र. वेळ साडेअकरा. डेडलाइनचं भूत उतरलेलं, गॅसवर मॅगी उकळतेय आणि हॉलमधून एकदम किंकाळी... ‘अगं, माझा बॅरी उपाशी आहे! त्याचे मासे संपले!’

मॅगी तशीच सोडून धावले. म्हटलं, हिने न सांगता फिश टँक आणला की काय! तर मॅडम बीनबॅगवर फतकल मारून बसलेल्या, मांडीवर लॅपटॉप, आणि स्क्रीनवर मगरीसारखं लांबट तोंड असलेला एक भलामोठा डायनोसॉर तळ्याकाठी येरझाऱ्या घालतोय. अगदी आपले बॉस अप्रेझलच्या आदल्या दिवशी घालतात तशा.

माझी फ्लॅटमेट हिंजवडीत आयटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधते आणि रात्री डायनोसॉरचं पार्क चालवते. गेमचं नाव ‘जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन २’. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आणलेला. मारामारी, गोळीबार हा यातला मेन फंडा नाहीच. तुम्ही मॅनेजर! कुंपण घाला, तळी खोदा, झाडं लावा, डायनोसॉर जन्माला घाला, तिकिटं विका, स्टाफचे पगार द्या. थोडक्यात, ऑफिसमधून सुटून घरी आलात की पुन्हा ऑफिस. पण हे ऑफिस आवडीचं, एवढाच फरक.

आणि या ऑफिसातला सगळ्यात नखरेल एम्प्लॉयी म्हणजे बॅरिओनिक्स. आमचा बॅरी.

मटण नको, मासे आणा!

बॅरी मांसाहारी आहे, पण त्याच्यासमोर मांसाचा लोंढा टाकला म्हणून तो खूश होईल असं नाही. त्याला मासेच लागतात. मग माशांचा वेगळा फीडर बसवा. शिवाय पाणी हवं, हिंडायला मोकळी जागा हवी. शेजारी कोण आहे यावरही साहेबांचा मूड ठरतो. यातलं काही कमी पडलं की त्याचा कम्फर्ट घसरायला लागतो. आधी तो अस्वस्थ होतो, मग कुंपणाला धडका देतो आणि मग... धाड! स्क्रीनवर लाल अलार्म, पब्लिक किंचाळत शेल्टरकडे पळतंय, आणि तुम्ही हेलिकॉप्टरमधून बेशुद्धीचं इंजेक्शन मारताय.

हेलिकॉप्टर हा शेवटचा उपाय. मुरलेला खेळाडू तिथवर वेळ येऊच देत नाही. तो आधी बघतो, या प्राण्याला काय कमी पडतंय? पाणी? जागा? खाणं? ते दिलं की प्राणी शांत. मला हे सॉलिड आवडलं. प्राणी बिथरला तर चूक प्राण्याची नाही, मॅनेजमेंटची. असा बॉस आपल्याला कधी भेटणार?

पण हा डायनोसॉर मासे खायचा, हे कोणाला आणि कसं कळलं? ती स्टोरी गेमपेक्षाही भारी आहे.

एका प्लंबरचं नशीब

जानेवारी १९८३. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, ऑकलीजवळ विटांच्या मातीची एक खाण होती. विल्यम वॉकर नावाचे गृहस्थ, पेशाने प्लंबर, फावल्या वेळात जीवाश्म शोधायचे. तिथे त्यांना एक नख मिळालं. किती मोठं? बाकाच्या कडेने मोजलं तर जवळजवळ ३१ सेंटिमीटर. म्हणजे आपली शाळेतली फूटपट्टी!

मग लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची टीम आली आणि बराचसा सांगाडा बाहेर निघाला. अॅलन चॅरिग आणि अँजेला मिल्नर या शास्त्रज्ञांनी १९८६मध्ये त्याचं बारसं केलं, ‘बॅरिओनिक्स वॉकरी’. बॅरिओनिक्स म्हणजे जड नखाचा आणि वॉकरी म्हणजे आपल्या प्लंबर वॉकरसाहेबांचा. वीकएन्डच्या छंदातून एखाद्याचं नाव साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला चिकटतं, बोला! हे वॉकर नाव जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सांगाड्याच्या पोटाच्या जागी सापडले माशांचे खवले. पचनाच्या आम्लाने झिजलेले. मगरीसारखा जबडा, माशाला पकडून ठेवतील असे दात, गळासारखं नख आणि पोटात मासे. केस क्लोज्ड! पण थांबा. त्याच पोटात आणखी काहीतरी होतं. इग्वानोडॉनच्या जातकुळीतल्या एका झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरच्या पिल्लाची हाडं. म्हणजे साहेब मासेखाऊ खरे, पण संधी मिळाली तर पिल्लूही चालायचं. शिकार केली की आयतं मेलेलं मिळालं, ते माहीत नाही. पण पाटीवर ‘फक्त मासे’ लिहिलं म्हणून प्राणी ती पाटी वाचत नाही, हे नक्की.

फ्लॅटमेटला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुझ्याकडच्या डायनोसॉरची अशी काही स्टोरी आहे का?’ मी म्हटलं, आहे ना! पोटातली नाही, त्याच्याही पुढची. म्हणजे... शेणातली.

मासेखाऊ डायनोसॉर आपल्याकडे सापडलेला नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लांब मानेच्या अवाढव्य डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत, आणि मिळाली आहे त्यांची दगड झालेली विष्ठा. २००५मध्ये शास्त्रज्ञांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर आत गवताचे सूक्ष्म कण! डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते त्याच्या पोटातही गेलं होतं, हे जगाला कळलं ते आमच्या विदर्भातल्या शेणामुळे. हसू नका, ‘सायन्स’सारख्या जर्नलमध्ये छापून आलंय.

पिसदुऱ्याहून पुढे वर्धा नदी ओलांडली की वणी. वणी म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हा. वणीहून थोडं पुढे गेलं की पांढरकवडा, माझं आजोळ. आणि तिथून खरा विषय सुरू होतो.

मामाचा फोन

बॅरीला मासे मिळाले, मॅगीचा लगदा झाला आणि रात्री बारा वाजता माझा मोबाइल वाजला. मामेभाऊ. एवढ्या रात्री म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

‘ताई, बाबाले समजाव तू. माह्यं आयकतच नाईत.’

झालं असं की मामाच्या वावराच्या बांधावर वाघाचे पंजे उमटलेले दिसले. ओल्या मातीत, ताजे. आणि मामा तरीही रात्री जागलीला गेला होता. जागल म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगायला हवं. पीक भरात आलं की रानडुकरं आणि रोही रात्रीतून वावर साफ करतात. म्हणून शेतकरी रात्रभर शेतात जागतो. हातात बॅटरी, वाजवायला एखादा डबा, जमलं तर मचाण. नाइट शिफ्ट म्हणा ना! फक्त कॅब पिकअप नाही आणि शिफ्ट अलाउन्सही नाही.

सकाळी मामाला फोन लावला. आवाज एकदम नॉर्मल.

‘काय करून रायली व माय? जेवली का?’

‘मामा, तुम्ही रात्री वावरात कशाला जाता? वाघाचे पंजे दिसले ना?’

‘दिसले नं. तं काय करू? वाघ एक दिवस येते, डुक्कर रोज येते.’

यावर तुमच्याकडे काही उत्तर आहे? माझ्याकडे नव्हतं.

आणखी एक वॉकर

पांढरकवड्याच्या उशाला टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटर. सुन्ना गेटमधून जिप्सी आत शिरते, वाघ दिसला की फोटो, फोटो की इन्स्टा. आपल्यातले बरेच जण जाऊनही आले असतील. वाघांची चांगली वाढ झालेलं हे छोटंसं जंगल. आणि तिथेच खरी गोम आहे. वाघ वाढले, जंगल तेवढंच राहिलं.

तरुण नर वाघाला स्वतःचा इलाका लागतो. घरात जागा नसली की तो निघतो. आपण नाही का यवतमाळहून पुण्याला आलो? २०१९च्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. कागदोपत्री त्याचं नाव टी-१ सी-१. जूनमध्ये तो निघाला. शेतं, ओढे, नाले, रस्ते, वस्त्या पार करत, तेलंगणात डोकावून तो थेट बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथेही आसपास हिंडत राहिला. साधारण नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. म्हणून त्याला नाव पडलं ‘वॉकर’.

आता आठवले प्लंबर वॉकर? एका वॉकरचं नाव मासेखाऊ डायनोसॉरला मिळालं, आणि चालून चालून आमचा टिपेश्वरचा वाघ वॉकर झाला. निव्वळ योगायोग, पण मला भलताच आवडला.

या वाघाची सगळ्यात मोठी कमाल त्याच्या किलोमीटरमध्ये नाहीच. बहुतेक प्रवास त्याने रात्री केला, गावांच्या कडेकडेने. एवढ्या वाटेत माणसाशी झटापट झाली ती एकदाच, तीही तो झुडपात पडलेला असताना माणसंच आत शिरली म्हणून. तीन हजार किलोमीटर आणि एकच घटना! आपल्याकडे कर्वेनगर ते हिंजवडी रोज यापेक्षा जास्त भांडणं होतात.

हेलिकॉप्टर नव्हतं, परफ्युम होता

पण प्रत्येक गोष्ट वॉकरसारखी गोड नसते. या गेमचा पहिला भाग आला जून २०१८मध्ये. जगभरातली मंडळी स्क्रीनवर पळालेले डायनोसॉर पकडत होती, तेव्हा माझ्या आजोळी खरीखुरी मोहीम चालू होती.

ती वाघीण तुम्हाला आठवत असेल. टी-१, जिला सगळा देश ‘अवनी’ म्हणून ओळखायला लागला. टिपेश्वरच्या आतली नव्हे, पांढरकवडा-राळेगाव भागातल्या शेतं आणि झुडपी जंगलांच्या सरमिसळीत राहणारी. साधारण दोन वर्षांत १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका या भागातल्या वाघांवर, मुख्यतः तिच्यावर होता. सोबत दहा महिन्यांचे दोन बछडे. तिला पकडायला काय काय आणलं! कॅमेरा ट्रॅप, हत्ती, शिकारी कुत्रे, ड्रोन, पॅराग्लायडर आणि चक्क केल्विन क्लाइनचा परफ्युम. तुम्ही-आम्ही डेटवर मारतो तो. त्याच्या वासाकडे मोठी मांजरं ओढली जातात म्हणून. मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती तर सुटून पळाला आणि त्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. शेवटी २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघिणीला गोळी घालण्यात आली.

तेव्हा मी मास कॉमच्या कॉलेजात होते. सोशल मीडियावर निम्मं जग वाघिणीसाठी रडत होतं. मीही डीपी बदलला होता. मग दिवाळीला आजोळी गेले, तर तिकडे सगळे सुटकेचा श्वास टाकत होते. मामी म्हणाली, ‘दोन वर्सांनी वावरात एकटी गेली मी. कापूस वेचता वेचता रडूच आलं.’

मी गपचूप बाथरूममध्ये जाऊन डीपी परत बदलला. वाघीण मेल्याचं दुःख खोटं नव्हतं. पण मामीचं रडू मी त्या हिशोबात धरलंच नव्हतं.

त्या वाघिणीची मादी बछडी डिसेंबर २०१८मध्ये पकडून पेंचला नेली. मोठी झाली, आणि मार्च २०२१मध्ये तिला मोकळ्या जंगलात सोडलं. तिथल्या दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली आणि काही दिवसांतच ती गेली. गेममध्ये प्राणी उचलायचा, हेलिकॉप्टरने दुसऱ्या तळ्याशी ठेवायचा, झालं. दोन क्लिकचं काम. खऱ्या जंगलात मात्र रिकामा प्लॉट मिळत नाही. तिथे आधीच कोणीतरी राहत असतं.

मॅप जिथे संपतो...

हे सगळं मी फ्लॅटमेटला सांगत होते, तोवर तिचा बॅरी पोट भरून तळ्याकाठी लोळत होता. मी सहज विचारलं, ‘या कुंपणाच्या पलीकडे काय आहे गं?’

‘पलीकडे पार्क. हॉटेल, बर्गर स्टॉल, टॉयलेट.’

‘आणि पार्कच्या पलीकडे?’

तिने माउस सरकवला. सरकवत गेली. झाडं, टेकड्या, आणि मग थांबला. ‘मॅप संपला.’

बस, हाच तो पॉइंट. मला या गेमबद्दल एकच तक्रार आहे आणि ती ग्राफिक्सची नाही. इथे कुंपणाच्या बाहेर गावच नाही. डायनोसॉर सुटला तर तो फक्त तिकीट काढून आलेल्या टुरिस्टांवर धावतो. त्यांच्यासाठी शेल्टर बांधलेलं असतं. आमच्याकडे जंगलाला कुंपणच नाही, आणि मॅप जिथे संपतो तिथून मामाचं वावर सुरू होतं. मामाने तिकीट काढलेलं नाही. त्याच्यासाठी शेल्टरही नाही.

आपण शहरातली मंडळी वाघाचा विचार करतो तो गेमच्या मॅनेजरसारखा. जंगल, वाघ, जिप्सी, फोटो. मॅप संपला! मग वाघ बाहेर दिसला की आपल्याला वाटतं, तो पळाला. अरे, तो पळालेला नसतो. वॉकरने दाखवलं ना, त्याच्या नकाशात टिपेश्वर ते ज्ञानगंगा सगळं एकच आहे. मधली शेतं, मधली गावं, मधला नाला, सगळं. तो नकाशा फक्त आपण अर्धा छापलाय.

पण गेमचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. बंदुकीच्या आधी बघा, कोणाला काय कमी पडतंय? वाघाला जागा आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट कमी पडतेय. आणि मामाला? मामाला रात्रीची झोप कमी पडतेय. डुकरांपासून पीक राखायची सोय असती, तर तो जागलीला गेलाच नसता. कम्फर्टचा मीटर फक्त डायनोसॉरच्या डोक्यावर का? मामाच्या डोक्यावरही लावून बघा. कधीचा लाल झालाय.

पंचवीस लाखांचा प्रश्न

रविवारी पुन्हा फोन. यावेळी मी तयारी करून बसले होते. म्हटलं, ‘मामा, कडेचं वावर विकून टाका. दादाही तेच म्हणतोय.’

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘वाघाच्या भेवानं इकलं तं भाव कोन देईन? अन् घेनारा काय वाघाले इचारून येईन का?’

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर घरच्यांना मिळणारी सरकारी मदत २०२३पासून २५ लाख रुपये झाली आहे, हे मी त्याला सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक. बोलल्यावर माझीच जीभ चावली.

मामा हसला. ‘माहीत हाये व. गावात पोट्टे मस्करी करतात. म्हनतात, मेला तं पंचवीस लाख, जगला तं रानडुक्कर.’

मी हसले नाही. तो हसला म्हणून मला रडू आलं.

पण एक गोष्ट पदरात पडली. जागलीला यापुढे एकटं जायचं नाही, हे त्याने कबूल केलं. बांधाला बांध असलेले तिघे शेतकरी आळीपाळीने, एकाच मचाणावर, दोघं दोघं मिळून बसणार. सूर्य मावळायच्या आत जायचं आणि उजाडल्याशिवाय खाली उतरायचं नाही. वाकून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो, म्हणून मामी आणि शेजारणी आता वेचणीला टोळीनेच जातात, बोलत, गाणी म्हणत. याने प्रश्न सुटला का? अजिबात नाही. पण मामेभावाचा रात्री बाराचा फोन त्यानंतर आलेला नाही.

तेव्हा फ्रेंड्स, गेम जरूर खेळा. बॅरीला मासे द्या, त्याचं नख निरखून बघा, त्या प्लंबरला मनातल्या मनात सलाम ठोका. टिपेश्वरलाही जरूर जा. फक्त जिप्सीतून उतरल्यावर लगेच हायवे गाठू नका. गेटबाहेरच्या टपरीवर एक कट चहा घ्या आणि चहावाल्याला विचारा, ‘काका, यंदा जागल किती रात्री झाली?’ वाघ न दिसल्याचं दुःख पाच मिनिटांत विसराल.

काल रात्री फ्लॅटमेटने नवीन पार्क सुरू केलं. तळं खोदलं, माशांचा फीडर बसवला, कुंपण घातलं. मग कुंपणाच्या बाहेर एक चौकोनी तुकडा तसाच मोकळा सोडला. हॉटेल नाही, स्टॉल नाही. म्हटलं, ‘इथे काय बांधणार?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘ते तुझ्या मामाचं वावर आहे. आता कुंपण तिथून लांब घ्यावं लागेल.’

आणि पैसे कमी पडत असतानाही तिने ते घेतलं.